पालो वेर्देच्या सावलीतला सदरा

सोकोरो एन्सिनासने उभ्या आयुष्यात माणूस रंगवला नाही. एकदाच रंगवला, तोही चेष्टेचेष्टेत, आणि तोही घेवड्याच्या दाण्याएवढा. बाकी सगळा जन्म झाडांत गेला. मेक्सिकोच्या सीमेजवळच्या आमच्या वाळवंटी पोसो ब्लांकोत कुणाच्याही घरात शिरा, भिंतीवर तिचा एखादा साग्वारो निवडुंग काटेरी हात वर करून उभा असणारच. दातांच्या दवाखान्यात तिचा ओकोतीयो आहे, लाल शेंड्यांचा. दाढ उपटून घेताना त्याच्याकडे बघून डोळ्यांत पाणी आणलं नाही असं माणूस गावात सापडायचं नाही. लग्नात लोक भांडीकुंडी देतात, सोकोरो झाड द्यायची. नवऱ्या मुली तोंडावर छान म्हणायच्या आणि मागे म्हणायच्या, त्यापेक्षा मिक्सर दिला असता तर बरं झालं असतं.

ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. पोरांच्या ताटात राजमा वाढता वाढता केस पिकले. रंग तिच्याकडे आले ते एका पाहुणीमुळे. थंडीत उत्तरेकडची म्हातारी मंडळी मोठमोठ्या गाड्या घेऊन आमच्याकडे उन्हाला येतात, त्यांतलीच एक बाई दरवर्षी नदीच्या कोरड्या पात्रात बसून चित्रं काढायची. एका मार्चमध्ये परत जाताना तिने आपली तेलरंगांची पेटी सोकोरोच्या हातात दिली. म्हणाली, "मला आता वाकवत नाही. तू रोज माझ्या पाठीमागे उभी राहून बघतेस, आता बसून बघ." दुसऱ्या वर्षी ती बाई आलीच नाही. पेटी मात्र राहिली.

सोकोरोचा एक नियम होता. समोर असेल तेवढंच रंगवायचं. घरी येऊन, आठवून, एक काटासुद्धा वाढवायचा नाही. ती म्हणायची, आठवून रंगवणं म्हणजे खोटी साक्ष देणं. उजाडायच्या आत निघायची, ईझलच्या पायांना दगडांची पिशवी बांधायची, नाहीतर वारा चित्रासकट सगळं मेक्सिकोत नेऊन टाकेल. ऊन वर आलं की रंग मरतो, सगळं वाळवंट पिठासारखं पांढरं पडतं, मग ती आवरून घ्यायची. ओल्या रंगाला वाळू चिकटायची, ती तशीच ठेवायची. तिच्या चित्रावरून बोट फिरवलं तर खरीखुरी वाळू हाताला लागते. आणि पांढरा रंग ती जस्ताचाच वापरायची. दुसरा पांढरा तिला चुना फासल्यासारखा वाटायचा, जस्ताच्या पांढऱ्यातून म्हणे सकाळ आरपार दिसते. असेल. मला काही दिसली नाही, पण ती म्हणते म्हणजे असेल.

तर तो एकुलता एक माणूस. तो तिचा मुलगा, रेनातो. सतरा वर्षांचा होता. नवीन नवीन गाडी चालवायला लागलेला, म्हणून आईला सोडायला कौतुकाने आलेला. सोकोरो एक पालो वेर्दे रंगवत होती. खोडापासून शेंड्यापर्यंत हिरवं असतं ते झाड, आणि तेव्हा पिवळ्या फुलांनी नुसतं माखलं होतं. रेनातो त्याच्या सावलीत जाऊन बसला, डोंगराकडे तोंड करून.

"आई, आटप गं. उकडतंय."

"सकाळचे सात वाजलेत. कुठे उकडतंय?"

"मला उकडतंय." आणि थोड्या वेळाने, "मला घाल ना चित्रात."

"तू काय झाड आहेस?"

"झाडाइतकाच वेळ बसलोय की इथे."

सोकोरोला हसू आलं. तिने ब्रशच्या टोकावर पांढरा घेतला, सदरा झाला. मातकट रंगाचा एक ठिपका, मान झाली. वर गवती हॅट. रेनातो उठून बघायला आला आणि त्याचं तोंड पडलं.

"हे काय, मला तोंडच नाही."

"तोंड तिकडे होतं तुझं."

"बरं. पुढच्या वेळी वळून बसतो."

पुढची वेळ आलीच नाही. वर्ष व्हायच्या आत तो गेला. धुळीचं वादळ उठलं, हायवेवर हाताला हात दिसेना, त्याची गाडी पुढच्या ट्रकखाली शिरली. मे महिना होता.

आता यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. रेनातोचा बाप लिबोरियो कूलर दुरुस्त करायचा. तेव्हा घरोघरी छतावर कूलर असायचे. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यातलं लाकूड तासून केलेलं गवत बदलायचं, पंप बघायचा, पंख्याचा पट्टा ताणायचा, आणि हे काम सगळ्या गावासाठी लिबोरियोच करायचा. सगळ्या गावासाठी, आणि स्वतःच्या घरचा कूलर बंद. रेनातोच्या खोलीवरचा. पोराला लहानपणापासून उकाडा सोसायचा नाही, छतातल्या कूलरच्या जाळीखाली फरशीवर उताणा पडून तोंडावर वारा घ्यायचा. त्या महिन्यात रोज म्हणायचा, "बाबा, माझा कूलर बघा ना." आणि लिबोरियो म्हणायचा, उद्या. त्या दुपारी खोलीत उकडतंय म्हणून पोरगा मित्राकडे निघाला होता.

मातीहून आल्यावर सोकोरो नवऱ्याला एक वाक्य बोलली. "तुझा कूलर चालू असता तर तो घरी झोपला असता." लिबोरियो उठला. अंगात काळा कोट होता, तसाच शिडी लावून छतावर चढला, आणि संध्याकाळपर्यंत खाली उतरला नाही. रात्री खोलीत वारा सुरू झाला. ते वाक्य परत घ्यायला सोकोरोने किती वेळा तोंड उघडलं असेल, पण ते काही परत घेता येईना.

त्याला आता तीस वर्षं होत आली. गावात सगळीकडे एसी आले, लोकांनी कूलर काढून भंगारात दिले. एन्सिनासांच्या घरातही एसी आहे, फक्त त्या एका खोलीत नाही. तिथे कूलर. आणि त्या खोलीत, बरोब्बर जाळीच्या वाऱ्यात, ते पालो वेर्देचं चित्र. लिबोरियोनेच तिथे टांगलं. एप्रिल लागला की म्हातारा छतावर जातो, नवं गवत भरतो, पाणी सोडतो, खाली येऊन चित्रासमोर उभा राहतो आणि म्हणतो, "लागतंय ना रे गार?" ऑक्टोबरपर्यंत दिवसरात्र तो कूलर चालतो. उन्हाळाभर ती खोली ओल्या लाकडाच्या वासाने भरलेली असते. लोक हसायचे. नंतर हसायचे थांबले.

फोटो होते की घरात रेनातोचे, ढीगभर. पण सोकोरो म्हणायची, ते कॅमेऱ्याने बघितलेले. हा एवढा पांढरा ठिपका मी बघितलेला.

यंदाच्या वसंतात गावच्या वाचनालयाने सोकोरोची चित्रं एकत्र मांडायचं ठरवलं. त्यासाठी टूसॉनहून मारेन नावाची बाई आली. जुनी चित्रं दुरुस्त करणं हा तिचा धंदा. ती घरोघर हिंडून चित्रं बघत होती, आणि सगळीकडून खूश होऊन बाहेर पडत होती. बेकरीतलं चित्र धडधाकट, दवाखान्यातलं धडधाकट, ज्या पोरींना मिक्सर हवा होता त्यांच्याकडचीसुद्धा अगदी ठणठणीत. शेवटी ती रेनातोच्या खोलीत आली. लिबोरियो तेव्हा बाजारात गेला होता, हे त्यातल्या त्यात बरं.

मारेनने चित्राला हात लावला नाही. टॉर्च आडवा धरून नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "सोकोरोबाई, हा कूलर किती वर्षं आहे इथे?"

सोकोरोने सांगितलं.

मग मारेनने तिला जवळ बोलावून दाखवलं. टॉर्चच्या तिरप्या उजेडात सगळा रंग उठलेला दिसत होता. जस्ताचा पांढरा जुना झाला की बिस्किटासारखा ठिसूळ होतो, ती म्हणाली, आणि तुम्ही तो सगळ्यात मिसळलाय. पण नुसत्या त्याने एवढं होत नाही, बाकीची चित्रं बघा ना. उन्हाळाभर या कॅनव्हासला ओल लागते, तो सैल पडतो. थंडीत हवा कडक कोरडी, तो ताणला जातो. दरवर्षी सैल, दरवर्षी ताण. कॅनव्हास सोसतो, वरचा रंग सोसत नाही. आणि सगळ्यात वाईट अवस्था त्या माणसाची, कारण तिथे पांढराच पांढरा. सदऱ्याची एक कड तव्यावरच्या तोर्तियाला फोड यावा तशी वर आली होती.

"मग?" सोकोरोने विचारलं.

"कूलर आज बंद करा. चित्र भिंतीवरून उतरवून आडवं ठेवा, अगदी हलक्या हाताने. धक्का लागू देऊ नका, पुसू नका. मी ऑक्टोबरमध्ये येऊन एकेक तुकडा चिकटवून देते. त्याआधी मला खरंच जमत नाही."

"तुमच्याबरोबर आत्ता घेऊन जा."

"गाडीतून नेलं तर वाटेतच गळेल." मारेनने टॉर्च बंद केला. "खाली पडलेलं मला परत लावता येत नाही. आहे तेवढं धरून ठेवता येतं."

मारेन गेल्यावर सोकोरो पलंगाच्या कडेला बसून राहिली. कूलर चालूच होता. निम्मा दोष माझ्या पांढऱ्याचा, तिने मनाशी हिशेब घातला. पण उरलेला निम्मा तिला कुणाजवळ बोलता येणार होता? लिबोरियोला सांगायचं, की म्हाताऱ्या, तीस वर्षं तू पोराला गार वारा घालतोयस आणि त्याच वाऱ्याने त्याला भिंतीवरून उतरवत आणलंयस? एक कूलर बंद होता म्हणून पोरगा गेला, असं ती एकदा बोलून बसली होती. आता हा कूलर चालू आहे म्हणून जातोय, हे तिनेच सांगायचं?

तेवढ्यात लिबोरियो भाजी घेऊन आला. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, पण ऑपरेशनचं नाव काढलं की काहीतरी काम काढून छतावर जाऊन बसायचा. छतावरचं सगळं त्याला हातानेच कळायचं.

"काय म्हणाली ती बाई?"

"छान आहे म्हणाली."

"असणारच. ठेवलंय कसं आपण." आणि तो भाजी निवडायला बसला.

सोकोरोने आपल्या परीने खटपट सुरू केली. तुम्ही म्हणाल, सरळ कूलर बंद करायचा. केला ना. तो बाजूच्या खोलीतून पाच मिनिटांत आला, "आवाज का थांबला?" झोपेतसुद्धा त्याचा कान त्या आवाजावर असायचा. मग तिने चित्र बैठकीत लावू म्हणून सुचवलं. तर म्हणे, "तिथे परक्या माणसांत बसून तो काय करणार? त्याची खोली आहे ती." मग तिने डोकं चालवलं. म्हणाली, "म्हाताऱ्या, चित्राचा खिळा सैल झालाय. पडेल बिडेल. काढून पलंगावर आडवं ठेवूया."

खिळा सैल, हे त्याला सांगायचं म्हणजे आगीत तेल. ती हात पुसून येईपर्यंत म्हातारा हातोडी घेऊन खोलीत हजर. चित्र न काढताच, अंदाजाने, खिळ्याच्या डोक्यावर दणादण दोन घाव घातले. भिंत हादरली.

"आता शंभर वर्षं हलत नाही," लिबोरियो म्हणाला.

तो गेल्यावर तिने बघितलं. गवती हॅट गेली होती. फरशीवर पिवळट भुगा होता, बोटाला लागेल न लागेल एवढा.

मग तिने शेवटचा उपाय केला. तो अंघोळीला गेल्यावर खुर्चीवर चढून छतातल्या जाळीच्या आत पुठ्ठा सरकवला. कूलर चालू, आवाज चालू, वारा बंद. बाईला वाटलं, सुटले. दुपारी लिबोरियोने चित्रासमोर हात धरला आणि त्याचा चेहरा उतरला.

"वारा येत नाहीये. पट्टा घसरला वाटतं."

"राहू दे आज. बाहेर जाळ आहे नुसता."

"राहू दे कसं? उद्या नाही म्हणायचं." तो शिडी शोधायला निघालासुद्धा.

जूनमधली आमच्याकडची दुपार म्हणजे पत्र्यावर अंडं फोडलं तर शिजतं. म्हातारा छतावर पट्टा चाचपत होता, पंप चाचपत होता, आणि खाली सोकोरो शिडी धरून उभी. वर बघितलं की त्याच्या पोटऱ्या थरथरताना दिसायच्या. "सापडत नाही गं," वरून आवाज आला, "सगळं ठीक आहे आणि वारा नाही, असं कसं होईल?" तो रडवेला झाला होता. पुन्हा एकदा पोराचा कूलर त्याच्याकडून दुरुस्त होत नव्हता. सोकोरोला ते बघवेना. तिने शिडी सोडली, आत गेली आणि पुठ्ठा ओढून काढला.

"आला," ती खिडकीतून ओरडली. "वारा आला."

लिबोरियो खाली उतरला तेव्हा त्याचे हात पोळलेले होते आणि तोंडावर असं समाधान की बघणाऱ्याने मान फिरवावी.

हे सगळं गावात एकाच माणसाला ठाऊक होतं, ओतिलियाला. ओतिलियाने रेनातोला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलेलं, त्या नात्याने दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. ओतिलिया म्हणजे अंगाने आडवी आणि जिभेने तिखट.

"सांगून टाक, कोमाद्रे," ती म्हणाली. "पुरुष माणूस आहे. चार दिवस गप्प बसेल, मग जेवायला येईल."

"तो गेल्या खेपेला गप्प बसला तो अजून बोललेला नाही त्यावर."

"मग मी सांगते. मला काय, माझ्याशी भांडला तर भांडला."

आणि खरंच ती दुसऱ्या दिवशी कंबर कसून आली. लिबोरियोने तिला खोलीत नेलं, खुर्ची जाळीखाली ठेवली, कॉफी आणून दिली. मग गवत यंदा कसं ताजं मिळालं, पंप कसा नवा बसवला, हे सगळं सांगितलं. सोकोरो स्वयंपाकघरात कान देऊन उभी. बऱ्याच वेळाने ओतिलियाचा आवाज आला, "काही म्हणा, एसीला ही सर नाही."

बाहेर आल्यावर तिने सोकोरोकडे बघितलंच नाही. "नाही जमलं गं. तो माझ्याकडे असा बघत होता, शाळेत पोरगं पाढा म्हणून दाखवतं ना, तसा."

मग ओतिलियालाच एक युक्ती सुचली. पडलाच तो सदरा, तर पुन्हा काढ. तुझाच हात, तुझेच रंग, तेच झाड. त्याला दिसतंय कुठे काय. सोकोरोने आधी झिडकारलं. पण त्या रात्री तिला झोप आली नाही, आणि दोन दिवसांनी पहाटे दोघी निघाल्या. ओतिलियाच्या गाडीत रंगांची पेटी, ईझल आणि दगडांची पिशवी.

पालो वेर्दे होतं तिथेच. मोठं झालं होतं, एक फांदी मोडली होती, बहर कधीच झडला होता. सावली मात्र तीच, आणि सावलीत कुणी नव्हतं. सोकोरो कॅनव्हासचा एक तुकडा लावून, पांढरा काढून, ब्रश हातात धरून उभी राहिली. समोर रिकामी वाळू.

"थांब," ओतिलिया म्हणाली, "मी बसते त्याच्या जागी."

"अगं, तू कुठे..."

"डोंगराकडे तोंड करायचं ना? पाठ काय, सगळ्यांची सारखीच."

ती जाऊन बसली, आणि बसताना चोया निवडुंगाच्या एका पडलेल्या काटेरी गाठीवर बसली. मग काय, तिला उभी करा, कंगवा शोधा, कंगव्याने ती गाठ झटकून काढा. आमच्याकडे खिशात कंगवा केसांसाठी नसतोच. दोघी हसून हसून वाकल्या. हसता हसता ओतिलिया पुन्हा बसली, पदर सावरावा तशी शाल सावरून, पाठ ताठ करून. "हं, काढ."

सोकोरोने बघितलं. सत्तरीची ओतिलिया होती ती, थकलेल्या खांद्यांची, आपल्यासाठी काट्यांत बसलेली. बघितलं तर ओतिलियाच दिसत होती, डोळे मिटले तर काहीच दिसत नव्हतं. तिला वाटलं होतं रेनातोची मान हाताला पाठ असेल. नव्हती. तीस वर्षं ती रोज ज्याच्याकडे बघत होती तो रेनातो नव्हताच, तो रंग होता. खोटी साक्ष द्यायलासुद्धा काहीतरी आठवावं लागतं.

"झालं का गं? उकडतंय," ओतिलिया पाठमोरी म्हणाली.

सोकोरोने ब्रश खाली ठेवला आणि तिथेच वाळूत बसून ती मोठ्याने रडली. ओतिलियाने मागे वळून बघितलं नाही. तोंड डोंगराकडे ठेवून ती म्हणाली, "रड. मी आहे बसलेली."

त्यानंतर सोकोरो फक्त राखण करत राहिली. दुसरं काय करणार? दिवसातून कितीदा तरी ती खोलीत जायची, सदरा जागेवर आहे ना बघायची. श्वास लागू नये म्हणून तोंडावर हात धरायची. दार कुणी आपटलं की धावत येऊन बघायची. ऑक्टोबर तिला दुसऱ्या देशाइतका लांब वाटायला लागला. लिबोरियोला वाटलं, म्हातारी आता पोराजवळ जास्त बसते. तो सुखावला. तोही मग शेजारी येऊन बसायचा. सोकोरोने सांगायचं म्हणून तोंड उघडावं, आणि त्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणावं, "यंदा छान गार आहे, नाही?" की तिचे शब्द परत आत. शेवटी ती देवाजवळसुद्धा काय मागायचं ते विसरली. सदरा टिकू दे म्हणू, की म्हाताऱ्याला कधी कळू नये म्हणू. दोन्ही मागण्या तिलाच एकत्र बसेनात.

ऑगस्टमधली एक सकाळ. सोकोरो स्वयंपाकघरात तोर्तिया भाजत होती. लिबोरियोने खोली झाडायला घेतली होती, तेवढं काम तो कुणाला करू द्यायचा नाही. तो दारात येऊन उभा राहिला, उजवा तळहात पुढे करून.

"म्हातारे, हे बघ. छताचा पोपडा पडायला लागलाय."

तळहातावर एक पांढरी खपली होती. घेवड्याच्या दाण्याएवढी. एका कडेला मातकट ठिपका.

सोकोरोची तोर्तिया तव्यावर तशीच राहिली. ती काही बोलायच्या आत लिबोरियोने अंगठ्याने ती खपली चोळली. चुरून पीठ झालं. थोडी वाळू उरली, ती त्याने बोटांत फिरवून बघितली.

"चुना खराब. त्यात वाळूच जास्त. मागच्या गवंड्याने फसवलं आपल्याला." त्याने हात विजारीला पुसला. "खोलीतली हवा कोरडी झालीय, त्यानं सुटतोय. कूलर जोरात लावतो."

सोकोरोने गॅस बंद केला. त्याच्या मागोमाग खोलीत गेली. त्याने बटण फिरवलं, जाळीतून वारा घोंघावत आला, ओल्या लाकडाचा वास आला. चित्रात डोंगर होता, पिवळं झाड होतं, झाडाखाली निळसर सावली होती, आणि सावलीत कॅनव्हासचं उघडं कापड.

लिबोरियो नेहमीच्या जागी बसला. मान थोडी तिरकी करून, आपल्या पिकलेल्या डोळ्यांनी नेमका तिथेच बघत राहिला.

"बसलाय बघ मजेत," तो म्हणाला. "हलला म्हणून नाही."

सोकोरो त्याच्या शेजारी बसली. त्याच्या विजारीवर, मांडीजवळ, पांढरी रेघ उमटली होती. तिने ती झटकली नाही. त्यावर नुसता हात ठेवला.

"हो," ती म्हणाली. "बसलाय."

"आता उकडत नसेल ना गं त्याला?"

"नाही," सोकोरो म्हणाली. "आता नाही उकडत."